माप

पत्र्याच्या ट्रेला दोन खाचा आहेत.
या खाचेपासून त्या खाचेपर्यंत शेंग बसली तर ती जाते,
नाही बसली तर राहते.
जाणं म्हणजे विमानानं.
राहणं म्हणजे निळ्या पिंपात.

फरसबी. इथं म्वेआत आम्ही तिला मिशिरी म्हणतो
आणि खात मात्र नाही.
आमच्या हंड्यात मका आणि सुका घेवडा रटरटतो;
ही कोवळी पोरगी परक्या घरची,
आमच्या रानात नुसती वाढायला ठेवलेली.

पांढरे गमबूट, डोक्यावर जाळी, क्लोरिनच्या वासाची बोटं.
सहा वर्षं झाली. आता खाचेकडं बघावंही लागत नाही,
मुठीत धरलं की कळतं:
ही लांब, ही आखूड, ही कोयत्यासारखी.
लांबीचा शेंडा छाटायचा.
छाटलेला शेंडा आणि उरलेली शेंग,
हिरवं दोन्हींत सारखंच, असं मी एकदा गिचोबीला म्हटलं.
तो मुकादम. म्हणाला, न्याविरा,
हिरव्याचे पैसे नसतात,
सारखेपणाचे असतात.

त्या मंगळवारी दुपारी चारला
तीन हजार पुडकी तयार होती, लेबलासकट.
लेबलावर परक्या नाण्यातली किंमत,
एक हसरा शेतकरी (आमच्यातला कोणी नव्हे),
आणि तारीख: या दिवसाआधी खावे.
तेवढ्यात गिचोबी ऑफिसातून आला,
फोन कानापासून लांब धरून,
तापलेला तवा धरावा तसा.
तिकडं थंडी पडलीय म्हणे.
लोक सॅलड सोडून सूप पिताहेत.
आजची ऑर्डर रद्द.

इतकंच.
समुद्रापलीकडं कुणाला तरी हुडहुडी भरली
आणि इथं भर उन्हात आमचा माल शिंकला.

बाजारात विकायची सोय नाही, लेबल त्यांचं.
शाळेत वाटायची सोय नाही, लेबल त्यांचं.
गाईंना चालतं,
पण गाईंना प्लास्टिक चालत नाही.
म्हणून आम्ही अकरा जणी
सकाळी भरलेलं रात्री फोडत बसलो.
अंगठ्याचं नख घालायचं, टरकवायचं, ओतायचं.
भरताना आम्ही गाणी म्हणतो.
फोडताना कुणी म्हटली नाहीत.
वाम्बुरा तेवढी एकदा बोलली:
विणलेलं उसवायची मजुरी वेगळी मिळते का गं?
हसू आलं.
मिळाली नाही.

पहाटे मिचेरेची गाय ढिगापाशी उभी राहिली.
तोंडाच्या दोन्ही बाजूंनी शेंगा लोंबत होत्या,
काही नऊ सेंटिमीटर, काही अकरा,
तिनं एकही मोजली नाही.

कुणाला बोल लावायला हे सांगत नाही मी.
कारण शनिवारी कुटुसच्या बाजारात
गाजरांच्या ढिगावर माझा हात आपोआप फिरत होता:
हे घे, हे नको, हे नको, हे घे.
विकणारी म्हातारी बघत होती.
मी बाजूला सारलेलं एक तिनं उचललं,
खाली दोन पाय फुटलेलं,
कमरेच्या फडक्याला पुसलं, आणि विचारलं,
याला काय झालंय?

मला सांगता येईना.
खाचेत बसत नाही, असं ओठांवर आलं होतं,
पण तिच्या गोणपाटाला खाच कुठं होती?
ती माझ्या बोटांत होती.

घेतलं ते गाजर. भाव नाही केला.
घरी पोरानं आधी त्याला चालवलं,
टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
लंगडत, मग पळत,
मग एकदा कडेवरून खाली पडलं.
भूक लागली तेव्हा त्यानं त्याचा एक पाय खाल्ला.
माती करकरली दाताखाली.
दुसरा पाय म्हणाला उद्याला ठेव,
अजून त्याला शाळेत जायचंय.